अण्णारावांनी कुलूप लावलेला पिंजरा

मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे, बालमित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

नांदेडच्या लोहार कलीमचाचांनी मला जोडलं. जनावराला खरचटू नये म्हणून त्यांनी माझ्या सळयांची टोकं घासून गुळगुळीत केली. माझ्या मालकीणबाई वहिदा, जनावरांच्या डॉक्टर. माणसाला नागीण ज्यामुळे होते, त्याच कुळातला एक विषाणू माकडांत पिढ्यानपिढ्या राहतो. त्याचा त्या अभ्यास करतात. माकडाला गुंगी द्यायची, रक्त आणि लाळ घ्यायची, शुद्धीवर आलं की सोडायचं. सहा वर्षांत एकाही माकडाला माझ्यात रात्र काढावी लागली नाही. केवढा अभिमान होता मला!

यंदा चैत्रात बिलोलीजवळच्या एका गावात एक माकडीण सापडली. नमुने घेऊन झाले. वहिदाबाई दार उघडणार, तोच सरपंच अण्णारावांनी मला आपलं कुलूप ठोकलं.

"रिपोर्ट येईस्तोवर सोडायची न्हाई. रोगी असली म्हंजे?"

"काका, विषाणू असला तरी तो झोपलेला असतो. हिला कोंडलं, छळलं की जागा होईल."

"आमाला नका शिकवू, डॉक्टरीणबाई."

वहिदाबाईंनी खूप विनवलं. शेवटी रिपोर्ट आणायला त्या नांदेडला धावल्या.

आठ दिवस लागले! माझ्या सळया इतक्या तापायच्या की ती बिचारी कुठंच टेकत नव्हती. पाण्याचं भांडं कोरडं पडलं तरी भीतीनं कुणी जवळ येईना. खडे मारायला मात्र सगळे आले, आणि मित्रांनो, ते तुमच्याच वयाचे होते.

नवव्या दिवशी वहिदाबाई पोचल्या, तेव्हा तिच्या ओठांवर फोड उठले होते.

"बघा!" अण्णाराव ओरडले. "म्या म्हनलो न्हवतो? रोगीच हाय!"

वहिदाबाईंनी रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. "पहिल्या दिवशी रक्तात फक्त जुन्या संसर्गाची खूण होती. लाळ स्वच्छ होती. हे फोड तुमच्या कुलपानं आणलेत, काका. आता ही लाळ कुणाच्या जखमेत गेली, तर जिवावर बेतेल. किल्ली द्या."

दार उघडलं, पण ती बाहेर येईना. हातमोजे चढवून वहिदाबाईंनी तिला पाणी पाजलं. संध्याकाळी माकडिणीनं प्राण सोडला.

माकडीण रोगानं मेली, असं गावात सांगतात. साफ खोटं! ती उन्हानं आणि तहानेनं मेली, माझ्या पोटात.

मित्रांनो, माकडांना हातानं भरवू नका, खडे मारू नका, त्यांना त्यांच्या झाडांवर राहू द्या. आणि पुन्हा कुणी कुलूप घेऊन आलं, तर आधी मला भट्टीत घाला.