हवाली

मुनाफने काचेवर कापायची हिरकणी ओढली आणि कडेला अंगठ्याने हलकेच दाब दिला. काच रेघेवर तुटायला हवी होती. ती कोपऱ्यातून तिरकी गेली.

"मामू, हात कापाल," यासीन म्हणाला.

"तू तोंड मिटलंस तर नाही कापणार."

यासीन मुनाफच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या शेजारी स्टुलावर अपूर्व बसला होता. तो रोडपालीचाच, एका कंपनीत नोकरीला. आज सुट्टी होती म्हणून दुपारपासून इथे ठाण मांडून होता. दोघांच्या मधे काउंटरवर एक फोटो पालथा ठेवलेला होता. फोटो कुणाचा ते मुनाफला ठाऊक होतं. म्हणून तर तो पालथा होता.

पनवेलात फुटबॉल म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. खाडी स्पोर्टिंगच्या लोकांना त्याची सवय आहे. त्यांच्या क्लबाच्या खोलीत जुन्या मॅनेजरांचे फोटो ओळीने लागलेले आहेत, आणि त्यातली एकूण एक फ्रेम मुनाफच्या दुकानातली. एकट्या चारुदत्त सरांचा फोटो तेवढा लागायचा राहिला होता. सरांना काढून टाकून तीन वर्षं झाली तरी त्यावरून भांडणं चालूच होती. शेवटी कमिटीने सरळ सांगून टाकलं, मुनाफ फ्रेम करून देत असेल तर फोटो लावा, नाहीतर विषय बंद. म्हणजे काय, तर सगळ्यांनी आपले हात झटकले आणि ओझं एका बापाच्या डोक्यावर ठेवलं.

"चाचा, तुम्ही नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही," अपूर्व म्हणाला. "पण खरं ते खरं. सर येण्याआधी आपली काय लायकी होती? उलव्याची पोरं येऊन आपल्याला धुऊन जायची. आपलेच लोक हाफटाइमला घरी जायचे."

"आणि सर आल्यावर काय झालं?" यासीन उसळला. "पडापडी शिकवली त्यांनी. एक गोल झाला की पडा. गुडघा धरा, लोळा, वेळ काढा. खुलेआम लबाडी, यार!"

"जगभर सगळे करतात."

"जगभर करतात म्हणून आपण पोरांना शिकवायचं? अल्लाह कसम, मला तेव्हाच..."

"तेव्हा तू शिट्ट्या मारत होतास, यासीन. माझ्या शेजारी उभा राहून."

यासीन पालथ्या फोटोची कड नखाने खरवडू लागला. अपूर्वलाही आपण हे बोलायला नको होतं असं वाटलं असावं, कारण तो उगाच काचेचे तुकडे एका बाजूला करू लागला.

तो अंतिम सामना होता. खाडी स्पोर्टिंग एका गोलने पुढे, थोडाच वेळ उरलेला. डाव्या बाजूला रय्यान पडला. मुनाफचा मुलगा, सोळा वर्षांचा. शिकवलं होतं तस्साच पडला. सर कडेवरून ओरडले, "शाब्बास!" आपल्या पोरांपैकी कुणी धावलं नाही, कारण धावायचं नाही हेही शिकवलेलं होतं, जितका उशीर तितकं बरं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुनाफनेसुद्धा वाजवल्या. मग पंच वाकला, त्याने रय्यानला हलवलं, आणि टाळ्या जागोजागी थांबत गेल्या. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. डॉक्टर चांगला माणूस असावा.

"मी फ्रेम करून देतो," मुनाफ म्हणाला.

दोघांनी एकदम वर पाहिलं.

"पण त्या सरने माझ्या घराखाली येणं बंद करायचं. आज, आजपासून. मी जाऊन सांगतो त्याला. ऐकलं तर उद्या फ्रेम घेऊन जा."

"म्हणजे अजून येतात ते?" अपूर्वने विचारलं.

मुनाफने हिरकणी डबीत ठेवली. हो, येत होते. रोज मगरिबच्या नमाजाच्या, दिवेलागणीच्या सुमाराला चारुदत्त सर मुनाफच्या इमारतीच्या फाटकाशी येऊन उभे राहत. हाक नाही, बेल नाही. वर तिसऱ्या मजल्याकडे बघत थांबत आणि थोड्या वेळाने निघून जात. मुनाफ कधी खाली उतरला नाही. उतरला असता तर हात उचलला असता. आणि मुबीना, त्याची बायको, ती त्या वेळेला घरात दिवा लावायची नाही. आत अंधारात पलंगावर बसून राहायची. काल रात्री जेवताना तिने ताट बाजूला सारलं होतं.

"त्याला सांगा, नाहीतर मी आईकडे उरणला जाते," ती म्हणाली होती. "मला झोप नाही, जेवण जात नाही. तो काय बघतो वर? काय हवंय त्याला आपल्याकडून?"

"वेडा झालाय तो."

"वेडा असता तर बरं झालं असतं. वॉचमनला विचारा. तो म्हणतो, साहेब येतात ते एकटे नसतात, कुणाशीतरी बोलत येतात."

यावर मुनाफने तिचं ताट उचलून ठेवलं होतं. पण मुबीना उरणला गेली तर ती परत येणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. मुलगा गेला होता, आता घरही जाणार. त्याने दुकानाचं शटर ओढलं, यासीनला किल्ली दिली आणि रिक्षा पकडली.

*

मैदान रोडपालीच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे. क्लबाची मुलं सकाळी खेळायची. संध्याकाळी तिथे कुणी फिरकत नसे. का फिरकत नाही ते मुनाफने कधी विचारलं नव्हतं. साडेपाच वाजून गेले होते, ऊन तिरकं झालं होतं. आजूबाजूच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, पण माणूस कुठे दिसत नव्हता. गोलपोस्टजवळ तीन कुत्री बसली होती.

चारुदत्त सर मैदानाच्या कडेला उभे होते. डोक्यावर पूर्वीची तीच टोपी. माणूस सुकला होता, शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. पायाशी एक चेंडू.

"लवकर निघालास," सर ओरडले. "थांबायचं. बघायचं. मग निघायचं. परत एकदा."

मुनाफने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

सरांनी चेंडू डाव्या बाजूला मारला. मैदान त्या अंगाला नाल्याकडे उतरतं. चेंडू त्या बाजूला गेला की नाल्यात पडतो, आणि मग काढायला काठी घेऊन जावं लागतं, हे रोडपालीचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चेंडू उतारावर गेला, थोडा घरंगळला आणि थांबला. चांगला उतारावर, मधेच. कुत्र्यांनी माना वळवल्या. तिन्ही एकदम. त्यांच्या माना हळूहळू डावीकडून गोलपोस्टकडे सरकत गेल्या, मग खाली झाल्या. चेंडू मात्र होता तिथेच होता.

मुनाफ दोन पावलं मागे सरला. त्याने मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात अडखळला. लहानपणापासून पाठ होती ती.

"सर," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही.

चारुदत्त सर वळले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उलट हायसं वाटल्यासारखे ते भराभर जवळ आले.

"आलात, मुनाफभाई? बरं झालं. फार बरं झालं."

"मी एक सांगायला आलोय." मुनाफने वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. "क्लबवाले तुमचा फोटो लावणार आहेत. मी फ्रेम करून देईन. पण तुम्ही माझ्या घराखाली यायचं नाही. माझी बायको आजारी पडलीय. ती घर सोडून जाईल. माझं घर मोडेल, सर. तुम्हाला माझं आणखी काय मोडायचंय?"

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं.

सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मी तुमच्यासाठी येत नाही हो. मी त्याला सोडायला येतो."

"कुणाला?"

"तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे."

होती. सगळ्या पालकांना माहीत होती, आणि सगळे त्याबद्दल सरांचं कौतुक करायचे. सराव संपला की एकही पोरगा एकटा घरी जात नसे. हा रस्ता ट्रेलरचा, कळंबोलीच्या लोखंडबाजारातून दिवसरात्र गाड्या वाहणारा. सर पोरांची रांग करून निघायचे आणि एकेकाला त्याच्या इमारतीखाली घरच्यांच्या हवाली करायचे. आई, बाप, आजी, कुणीतरी खाली उतरायलाच हवं. हातात हात दिल्याशिवाय सर हलायचे नाहीत. आणि देताना पोरगा आज कसा खेळला ते एका वाक्यात सांगायचे. मुनाफ कितीदा तरी लुंगीवर, हातातला चहाचा कप तसाच घेऊन खाली उतरला होता.

"त्या दिवशी मी त्याला तुमच्या हवाली केलं नाही," सर म्हणाले. "अॅम्ब्युलन्स आली, गर्दी झाली, मला लोकांनी मागे ओढलं. तो मैदानावरच राहिला. दुसऱ्या दिवशी मी आलो तर इथेच होता. सराव करत होता. काय करणार? पोराला एकटं कसं जाऊ द्यायचं? मी रोज घेऊन येतो तुमच्या दारात. पण तुमच्याकडचं कुणी खाली उतरत नाही. मग त्याला परत घेऊन यावं लागतं."

"सर, गप्प बसा. पाया पडतो तुमच्या."

"मी चुकलो, मुनाफभाई. पडायला मीच शिकवलं. तो खरा पडला तेव्हा मी शाब्बास म्हणालो. लोक मला काय काय म्हणतात ते ऐकलंय मी, आणि ते खरंच आहे. पण तीन वर्षं झाली. मी थकलो. आता मला पुढे होईनासं झालंय."

नाल्यापलीकडून विमान गेलं, इतकं खाली की जमिनीला हादरा बसला. विमान गेल्यावर मैदान पुन्हा शांत झालं आणि त्या शांततेत मुनाफला धाप ऐकू आली. खूप धावून आलेला माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो तशी. सरांचं तोंड मिटलेलं होतं. मुनाफने आपला श्वास रोखून धरला. धाप चालूच राहिली, त्याच्या डाव्या हाताला, जवळच.

तो ओरडला नाही. पळालाही नाही. का, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नसतं. एवढंच की हे असं धापा टाकणं त्याने सोळा वर्षं ऐकलं होतं, जिन्यावरून, दारातून, पाणी प्यायला फ्रिजकडे धावताना, आणि ते ऐकल्यावर त्याच्या अंगातली भीती अचानक कुठच्या कुठे गेली. उरलं ते नुसतं रडू. पण डाव्या बाजूला मान वळवायची मात्र त्याची छाती झाली नाही.

"आज न्याल ना तुम्ही?" सरांनी विचारलं.

मुनाफने मान डोलावली.

सरांनी टोपी काढली. मग उजवा हात पुढे केला, आणि त्या हातात जणू कुणाचा तरी हात आहे अशा बेताने, सांभाळून, तो मुनाफच्या हाताशी आणला. मुनाफने हात दिला. सरांचा तळवा गरम होता. दुसरं जे काही होतं ते गार होतं.

"आज मान वर ठेवून खेळला," सर म्हणाले. "उंच झालाय. माझ्याहून उंच."

मग त्यांनी चेंडू उचलला नाही, मागे पाहिलं नाही, गेटमधून बाहेर पडून उलट्या दिशेने चालू लागले. गोलपोस्टजवळची कुत्री उठून उभी राहिली होती. ती सरांकडे बघत नव्हती.

*

रस्त्याला लागेपर्यंत मगरिबची अजान झाली. ट्रेलरची रांग लागली होती, प्रत्येकावर लोखंडाचे पत्रे, प्रत्येकाच्या मागे धुळीचा लोट. मुनाफ सावकाश चालत होता. मधेच थांबत होता, परत चालत होता. समोरून येणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि कडेने न जाता वळसा घालून गेली.

फोन वाजला. मुबीना होती.

"आज खाली कुणी आलं नाही," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. "बोललात का त्याच्याशी?"

"बोललो. आता नाही येणार तो."

"नक्की?"

"नक्की."

तिने मोठा सुस्कारा सोडला. "अल्हम्दुलिल्लाह. मग तुम्ही कुठे आहात? इतका वेळ का?"

"येतोय चालत."

"चालत? रिक्षा नाही मिळाली?"

मुनाफ कडेला सरकला. एक ट्रेलर भोंगा वाजवत अगदी जवळून गेला आणि धूळ तोंडावर आली. फोनवर मुबीनाला तो भोंगा ऐकू गेला असणार. भोंग्यानंतर जे होतं तेही ऐकू गेलं असणार, कारण ती एकदम गप्प झाली. मुनाफ थांबला. तो कॉल ती कट करील, किंचाळेल, असं त्याला वाटलं. बराच वेळ दोघंही नुसते फोन धरून राहिले, आणि दोघांच्या मधे ती धाप हळूहळू शांत होत गेली.

"अहो," मुबीना अगदी हळू म्हणाली.

"हं."

"त्याला आतल्या बाजूने चालवा. गाड्या फार असतात."

"आतच आहे," मुनाफ म्हणाला.