आकडीसाठी लावलेला सापळा

माझ्या सात वर्षांच्या जुईलीला आकडी येऊ नये म्हणून मी आजवर सगळ्या देवांना हाका मारल्या. पनवेलच्या हॉस्पिटलात मात्र त्याच आकडीची वाट बघत बसले होते. "ये बये, ये. आज तुझा फोटोच काढायचाय."

डॉक्टरांनी जुईलीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या होत्या, समोर कॅमेरा लावला होता आणि गोळ्या कमी केल्या होत्या. आकडी मेंदूत कुठून उठते ते पकडता आलं, तरच ऑपरेशन. आणि घरी भरल्या ताटावरून पोरीला पाडणारी ती बया इथे फिरकेच ना.

"कॅमेऱ्याला लाजली वाटतं," माझ्या सासूबाई कमळाबाई म्हणाल्या. "जासईला आमच्या घरात बरा जोर येतो तिला!"

दुपारी चिकू खाता खाता जुईली थांबली. नजर थिजली, डावा हात वाकडा झाला. मी नर्सला बोलावायचं बटण दाबलं आणि कॅमेऱ्याला हातपाय दिसावेत म्हणून चादर ओढून काढली. कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. ती धावत येऊन जुईलीला कुशीवर वळवेपर्यंत मी लेकीला उराशी धरायला निघालेले हात पाठीमागे आवळून उभी राहिले आणि दात खाऊन म्हटलं, "सापडलीस."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "एकाच जागेवरून उठते. तेवढा भाग काढता येईल."

सासूबाई पुढे सरकल्या. "काढलात की मना दाखवा हां, डॉक्टर."

"कशाला, आजी?"

"नातीला लय छळलंय माज्या. एक थोबाडीत द्यायची हाय."