ढब्बूचं वजन

ढब्बूचे पुढचे पाय डॉक्टरीणबाईंनी धरले, मागचे तिने, आणि दोघींनी मिळून त्याला काट्यावर ठेवले. ढब्बूने नेहमीप्रमाणे अंग सैल सोडले. लाल आकडे थोडे वरखाली झाले आणि थांबले.

"साडेसतरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चुकतोय तुमचा काटा."

बाकावर मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी मान वर केली. डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला उतरवले, काटा शून्यावर आलेला तिला दाखवला आणि त्याला पुन्हा चढवले. साडेसतराच.

"तीन महिन्यांपूर्वी चौदा होता. दोन किलो उतरवा म्हणून सांगितलं होतं मी. तुम्ही साडेतीन चढवून आणलेत."

"घरी दर रविवारी वजन करतो आम्ही. गेल्या रविवारी साडेतेरा भरला."

"मग घरचा काटा बिघडलाय. आणि घरात कुणीतरी याला चोरून चारतंय." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून ढब्बूच्या बरगड्यांवर ठेवला. "इथे हाडं लागायला हवीत. लागतंय का काही? गादी आहे नुसती. मागचे सांधे आत्ताच धरलेत. असंच चाललं तर वर्षभरात मागचे पाय जातील. मग काय कडेवर घेऊन हिंडवणार?"

"चोरून कुणी चारत नाही आमच्याकडे," ती म्हणाली आणि पट्टा ओढून बाहेर पडली.

रस्ताभर ती धुमसत होती. आणखी कुणी असे बोलले असते तर तिने सोडून दिले असते, पण मापाच्या बाबतीत कुणी खोटे पाडलेले तिला खपत नसे. घराच्या पुढच्या खोलीत तिचे शिलाईचे दुकान होते. नवे कपडे थोडे, दुरुस्तीच जास्त. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या कमरा तिच्या टेपखालून गेल्या होत्या. ढब्बूचे खाणेही ती तशीच मापाने देई, सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, वरचे दाणे बोटाने सपाट करून. बिस्किटे बंद केली होती. समोरच्या घरातल्या आजींशी त्यावरून वाईटपणाही घेतला होता. दारावर पाटी लावली होती, 'कुत्र्याला काहीही देऊ नये, त्याने कितीही तोंड केविलवाणं केलं तरी.'

आणि रविवारचे वजन तर अण्णा स्वतः करत. अण्णा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षे लेथवर काढलेला माणूस, एका सुताचा फरक नुसत्या नजरेने ओळखणारा. नवरा परगावी पुलाच्या कामावर, महिन्यातून दोनदा येई. सासूबाई जाऊन वर्ष होत आले होते. घरात आता अण्णा, ती आणि सासूबाईंच्या मागे राहिलेला हा ढब्बू. घरच्या काट्यावर कुत्रे एकटे उभे राहत नाही, म्हणून अण्णा त्याला उराशी धरून काट्यावर चढत आणि त्याच्या पाठीवरून वाकून आकडा वाचत.

"शहात्तर. त्यातून माझे बासष्ट गेले. चौदा."

"तुमचं एकदा बघून घ्या की," ती पहिल्या रविवारी म्हणाली होती.

"बघायचं काय त्यात? तीस वर्षं बासष्ट आहे. लग्न झाल्यावरही वाढलं नाही, तुझ्या सासूने जंग जंग पछाडलं तरी."

गेल्या रविवारी काटा साडेपंचाहत्तरवर थांबला तेव्हा अण्णांनीच जाहीर केले होते, "अर्धा किलो उतरला बघ पठ्ठ्या."

ती घरी पोचली तेव्हा अण्णा वाचनालयात पेपर वाचायला गेले होते. तिने चप्पल काढायच्या आधी काटा बाहेर ओढला. आज डॉक्टरीणबाईंचे दात त्यांच्याच घशात घालायचे, असे तिने ठरवले होते. स्वयंपाकघरातून दहा किलो पिठाची न फोडलेली पिशवी आणून तिने काट्यावर ठेवली. दहा. मग स्वतः उभी राहिली. चोपन्न. मग ढब्बूला कवटाळून उभी राहिली. साडेएकाहत्तर.

साडेसतरा.

तिने तीनदा करून पाहिले. ढब्बू कंटाळून जमिनीवर पसरला. ती भिंतीला टेकून त्याच्या शेजारी बसली. दवाखान्यातला काटा खरा, घरचाही खरा. पीठ खरे, ती खरी. सगळ्या वजाबाकीत आता एकच आकडा उरला होता, जो तीस वर्षांत कुणी तपासला नव्हता.

अण्णांचा चामडी पट्टा दारामागच्या खुंटीला होता. वाचनालयात जाताना ते सैल लेंगा घालू लागले होते. कधीपासून, ते तिला आठवेना. तिने पट्टा काढून उजेडात धरला. कारखान्यातून आलेली पाच भोके, आणि त्यांच्या ओळीत बक्कलाच्या बाजूला आणखी दोन. बारीक ड्रिलने पाडलेली, आधीच्यांइतक्याच अंतरावर, कडा साफ केलेल्या. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आले नसते. तिने टेप लावून पाहिला. जगाच्या कमरा मोजायच्या आणि आपल्या घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

थंडीपासून अण्णा ताट घेऊन मागच्या पायरीवर बसू लागले होते. 'आत कोंदट वाटतं,' म्हणाले होते. ताट परत येई ते धुतल्यासारखे लख्ख. तिला बरे वाटे. बाई गेल्यावर माणूस सावरला, जेवू लागला, असे तिने नवऱ्याला फोनवर सांगितलेसुद्धा होते.

दुपारी तिने रोजच्यासारखे वाढले. भात, भाजी, एक उकडलेले अंडे. अण्णा ताट घेऊन मागे गेले, ढब्बू त्यांच्या टाचांना लागून. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली.

अण्णांनी घास घेतला. बराच वेळ चावला. पाण्याचा घोट घेतला, मान थोडी पुढे काढली, डोळे मिटले आणि थांबले. घास खाली गेला असावा. दुसरा घास मात्र त्यांनी चावून हळूच तळहातावर काढला आणि हात खाली नेला. मग तिसरा त्यांनी तोंडात घातलाच नाही. ताटच ढब्बूपुढे सरकवले.

"खा रे बाबा," ते म्हणाले. "ताटात उरलं की ती विचारत बसते."

सकाळी भर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंवर आवाज चढवणारी ती, खिडकीशी तशीच उभी राहिली. अण्णा ताट विसळून आत आले, 'भाजी छान झाली होती' म्हणाले, तेव्हा तिने ताट घेऊन फळीवर पालथे घातले. संध्याकाळी तिने भात पातळ पेजेसारखा केला, ताटाऐवजी वाटीत दिला, आणि ढब्बूला तेवढा वेळ पुढच्या खोलीत मशीनच्या पायाला बांधून ठेवले. वाटी अर्धी परत आली. निदान अर्धी कुठे गेली ते तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णांनी काटा स्वतःच ओढून बाहेर आणला, गुडघे धरून वाकले आणि ढब्बूला उचलले. उचलताना त्यांना दम लागला.

"त्याला खाली ठेवा, अण्णा."

"का? वजन करायचं नाही?"

"त्याचं झालं. काल मी केलं. साडेसतरा."

अण्णांनी ढब्बूला खाली ठेवले नाही. "तुझं स्वतःचं नीट वजा केलंस का?"

"केलं. आधी काट्यावर उभी राहिले आणि मग वजा केलं. मनाने नाही धरलं."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. अण्णा ढब्बूच्या मानेवरच्या केसांत बोटे फिरवत राहिले.

"बासष्ट आहे माझं," ते म्हणाले.

"मग उभे राहा."

"नाही राहणार. माझ्या घरात मला काट्यावर चढवणारी तू कोण?"

"मी तुमच्या ताटात वाढणारी."

"हे बघ, तुझ्या सासूच्या वेळी पाहिलंय मी सगळं. आधी एक तपासणी, मग दुसरी, मग नळ्या. चार महिने त्या बाकावर बसून काढलेत. मी दवाखान्यात पाय ठेवणार नाही, कुणीही सांगितलं तरी."

"मी दवाखान्याचं नाव काढलंय का? काट्यावर उभे राहा म्हणाले." तिचा आवाज आता चढला होता आणि तिने तो चढू दिला. "तुम्ही तुमचं काय करायचं ते करा. पण याने तुमचं काय घोडं मारलंय? याचे मागचे पाय जातील, डॉक्टरीणबाईंनी काल तोंडावर सांगितलं. आईंनी पिल्लू होता तेव्हा चिखलातून उचलून आणला याला. तुम्ही तुमची लपवाछपवी याच्या पोटात भरताय."

हे शेवटचे बोलायला नको होते, असे तिला बोलल्यावर वाटले. पण तिने ते मागे घेतले नाही.

अण्णांनी ढब्बूला सावकाश खाली ठेवले. चपला काढल्या. काट्यावर चढले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत ताठ उभे राहिले.

"मोठ्याने वाचू नकोस."

तिने वाकून आकडा पाहिला. वाचला नाही. अण्णा उतरले, चपला घालायला त्यांना जरा वेळ लागला.

"घास कुठे अडकतो?" तिने विचारले.

अण्णांनी छातीच्या मधोमध बोट ठेवले. "इथे. हल्ली पाणीसुद्धा रेंगाळतं."

"उद्या सकाळी जायचं दाखवायला."

"सांगितलं ना, पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू. मी उचलून नेईन. आता तुम्ही उचलण्याजोगे झालायत."

अण्णांच्या ओठांचा कोपरा हलला. "डॉक्टर तुझ्या नवऱ्याच्या वयाचा असला तर मी उठून येईन. पोरंच असतात हल्ली."

"म्हातारा बघून शोधते," ती म्हणाली.

त्या दिवशी ढब्बूला त्याचा कप मिळाला, दाणे बोटाने सपाट केलेला, आणि दुपारी मागच्या पायरीवर त्याने बराच वेळ रिकाम्या हातांकडे पाहिले.

उन्हे उतरताना ती मशीनवर एका शाळेच्या गणवेशाची बाही उसवत होती. अण्णा हातात राखाडी पँट घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या बाहेर जायच्या पँटींपैकी ती सगळ्यात चांगली.

"उद्या तिथे चारचौघं असतील. ही घसरते. कमरेत दोन बोटं घेऊन दे."

तिने पँट घेतली, उलटी केली, कमरेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. शिलाई तिचीच होती, तीन वर्षांपूर्वीची. मशीनमध्ये राखाडी दोरा नव्हता, पण रीळ समोरच्या डब्यात होते. तिने पँट सुलट केली, घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"नाही घेणार."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. गल्लीभराच्या करतेस."

"गल्लीभराच्या करीन. ही बासष्टच्या मापाची आहे, तशीच राहील. तोवर पट्टा आवळा."

अण्णा पँट खांद्यावर टाकून आत गेले. तिने बाही पुन्हा उसवायला घेतली. थोड्या वेळाने आतून पट्ट्याचे बक्कल वाजले.