बंद खिडकीआडून

खजुराच्या झाडावर अर्ध्या वाटेत लझरने खोडाला मिठी मारली आणि तो तिथेच थांबला. वर चढवेना, खाली उतरवेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. वाळवंटाकडून शहिली, तो गरम कोरडा वारा, सुटला होता आणि नर-झाडांच्या फुलोऱ्यांतून पिवळी धूळ उडत होती.

खाली त्याची बायको मबरूका उभी होती. "घाई करू नका. आधी डावा पाय," एवढंच ती म्हणत राहिली, त्याचे पाय जमिनीला टेकेपर्यंत.

घरी आणून तिने खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली आणि दम्याचा पंप त्याच्या तोंडाशी धरला.

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं? वारं सुटलं की घरात बसा. फुलोऱ्याला तर हातच लावू नका."

"फुलोऱ्याला हात नको, तर मी करू काय?" लझर म्हणाला. उभं आयुष्य त्याने हेच केलं होतं. वसंतात नर-फुलोऱ्याच्या काड्या कमरेला बांधायच्या, झाडावर चढायचं आणि मादी-फुलोऱ्यात खोचायच्या. आताही फुलोरे उमलले होते. चार दिवस गेले की यंदाचं फळ गेलं.

"हमादीला सांगते," मबरूका म्हणाली.

लझरने मान वळवली. हमादी शेजारच्या बागेचा. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हापासून दोघं एकमेकांना सलामही करत नव्हते.

"त्याचा हात माझ्या झाडाला लागायचा नाही."

"बरं. मग झाडंही वांझ राहतील आणि मीही विधवा होईन. चालेल?"

ती डोक्यावरून चादर ओढून निघाली.

हमादी दारात बसून विळ्याला धार लावत होता. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "त्यानं पाठवलं का तुला?"

"नाही. ते पाठवणारे असते तर मला यावं लागलं असतं का, भाऊ?"

हमादीने अंगठ्याने धार चाचपली. "कसं, छातीत फार भरतं?"

"रात्रभर उशीला टेकून बसलेले असतात."

"माझा बाप असाच गेला," तो म्हणाला आणि पुन्हा धार लावू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, बागेत खोकल्याचा आवाज आला. लझर उठून खिडकीशी गेला. तोंडाला फडकं बांधून हमादी पहिल्या झाडावर चढत होता. त्याची चढण्याची ढब लझरला आवडली नाही. गुडघे फार बाहेर निघत होते. पण तो पाहत राहिला.

शेंड्याशी पोहोचल्यावर हमादीने काड्या काढल्या आणि थबकला. किती काड्या खोचायच्या, याची प्रत्येकाच्या बागेची रीत वेगळी. त्याने घराकडे पाहिलं.

लझरचा हात कडीकडे गेला. मागून मबरूका हलकेच म्हणाली, "उघडू नका."

त्याने हात मागे घेतला. काचेवरची पिवळी धूळ बाहेरून होती, त्याला ती पुसता येईना. मग त्याने तळवा वर धरला आणि तीन बोटं दाखवली.

हमादीने मान हलवली. तीन काड्या मोजून त्याने फुलोऱ्यात खोचल्या आणि वरून दोरी बांधली.

लझरने बोटं खाली घेतली नाहीत. हमादी पुढच्या झाडाकडे निघाला होता.