विचारणाऱ्याचं नाव

संसदेच्या ग्रंथालयात एक जुनी रीत होती. सदस्याने चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा आणि ग्रंथपालाने उत्तराच्या कागदाला तीच चिठ्ठी टाचून परत करायची. कोणी काय विचारलं याची खूण ग्रंथालयात राहत नसे. ही रीत कुठल्या नियमावलीत नव्हती. नानांना ती आधीच्या ग्रंथपालांनी तोंडी सांगितली होती, आणि नानांनी ती तीस वर्षं रोजच्या जपासारखी पाळली.

मग संसदेचं बळ वाढावं म्हणून परदेशातून मदत आली. गळकं छत दुरुस्त झालं, आठ संगणक आले, काचेच्या भिंतींचा संशोधन कक्ष उभा राहिला. त्यासोबत एक सल्लागारबाई आल्या. बाई मनाने सोन्यासारख्या होत्या. इथली भाषा त्या नेटाने शिकल्या होत्या आणि ग्रंथालयातल्या मांजरालाही "आपण जरा बाजूला व्हा" म्हणत.

पण एक दिवस त्याही रडकुंडीला आल्या.

"नाना, मदत देणारे विचारतात, कक्षात कोण येतं? मी त्यांना काय दाखवू, खुर्च्या?"

"येतात की बाई. आम्ही नावं लिहीत नाही, एवढंच."

"लिहिलं नाही म्हणजे आले नाहीत, असं धरतात ते. कक्ष बंद होईल. तुमच्या हाताखालची पाच माणसं घरी जातील."

पाच माणसं म्हणजे पाच चुली. नानांनी होकार दिला. बाईंनी संगणकावर तक्ता करून दिला: तारीख, सदस्य, प्रश्न, उत्तर. नाना अर्धवट काम करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मागचे तीन महिनेही आठवून आठवून भरले. एक्याऐंशी ओळी झाल्या. अहवाल गेला, कौतुकाचं पत्र आलं, आणि बाईंनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा दिला. माणूस चांगुलपणातही चुकतो, आणि ती चूक लवकर ध्यानात येत नाही, कारण तिच्यावर शाबासकी मिळालेली असते.

त्या अधिवेशनात सुरक्षेच्या कायद्याला पाच वर्षांची मुदतवाढ द्यायची होती. या कायद्याखाली किती जणांना उचललं आणि किती घरी परतले, हा प्रश्न चार सदस्यांनी ग्रंथालयात विचारला होता. नानांनी तुरुंग खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालांतून आकडे जुळवून चौघांनाही दिले होते.

अहवाल गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यातले डॉक्टर सदस्य दिसेनासे झाले. प्रकृतीच्या कारणाने राजीनामा, असं कळलं. पण त्यांच्या घराला बाहेरून कुलूप होतं आणि दोरीवरचे कपडे तसेच वाळत होते. मग वकीलसाहेबांची खुर्ची रिकामी झाली. मग त्या हसऱ्या शेतकरी बाईंची. सभागृहात कोणी त्यांचं नाव काढेना.

चौथे सदस्य नानांचे जावई होते.

नाना काचेच्या दारातून आत गेले. "बाई, आपला अहवाल कोणाकोणाला जातो?"

"मदत देणाऱ्यांना. आणि एक प्रत इथल्या सचिवालयाला. ते भागीदार आहेत ना."

"नावांसकट?"

"नावांमुळेच तर तो सगळ्यांना आवडला." एवढं बोलून बाई थांबल्या. नानांच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाल्या, "नाना, योगायोग असेल."

"देव करो नि तसंच असो," नाना म्हणाले.

जावई उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी उद्याच्या मुदतवाढीवरच्या भाषणात खाडाखोड करत बसले होते. शेजारचं टेबल भरलेलं होतं, पण तिथे कोणी काही खात नव्हतं. नाना वाकून पुटपुटले, "जावईबापू, उद्या तुम्हाला ताप येऊ द्या."

"नाना, मला खोटा ताप येत नाही. शाळेतही पकडला जायचो."

"थट्टा पुरे. पोरीला सातवा महिना आहे. तो आकडा मला परत द्या."

"दोन हजार एकशे चार नेले, एकोणीस आले. तुम्हीच मोजलेत. आता तो कागद उशाखाली घेऊन झोपू?"

नाना समोरच्या खुर्चीत बसले. "तुमचं नाव मी लिहिलं. त्या तक्त्यात. चौघांचंही मीच लिहिलं."

जावई चमचा फिरवत राहिले. कपात चहा नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना माझं नाव महिन्याभरापासून ठाऊक आहे. उद्या गप्प बसलो तर ते खोडलं जाणार आहे का?"

 

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयातल्या कर्ण्यावर जावयाचा आवाज आला. आधी कापरा होता, मग सरळ झाला. आकडा उच्चारला गेला. सभागृहात कोणी ओरडलं नाही, बाकंसुद्धा वाजली नाहीत. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "हे कामकाजातून वगळण्यात यावं." नाना कर्णा चालूच ठेवून, सदस्य बाहेर पडत त्या मागच्या फाटकाकडे धावले. बासष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं.

फाटकाशी राखाडी गाडी उभी होती. सचिवालयातला एक अधिकारी अदबीने दार धरून होता. जावई पायरीवर थबकले होते.

"साहेबांनी चहाला बोलावलंय," अधिकारी म्हणाला. "नाना, तुम्ही निघा. तुमची बस चुकेल."

"चुकू दे. मीही येतो चहाला."

"फक्त यांनाच बोलावलंय."

"आकडा माझा आहे. यांनी नुसता वाचला. साहेबांना काही विचारायचं असेल तर मोजणाऱ्याला विचारावं."

"नाना, मागे व्हा," जावई म्हणाले. "तुमच्या मुलीजवळ कोणीतरी हवं."

"तिची आई आहे तिच्याजवळ. तुमच्याजवळ कोण आहे?"

नाना गाडीत शिरून बसलेसुद्धा. अधिकाऱ्याने क्षणभर विचार केला, फोनवर दोन शब्द बोलला, आणि मान डोलावली. नानांना अडवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

जावई शेजारी येऊन बसले. दार लागलं. आतून उघडायची कडी जागेवर नव्हती. वर काचेच्या कक्षाच्या खिडकीत सल्लागारबाई उभ्या होत्या. त्यांनी नेहमीसारखा हात हलवला, मग गाडी नीट पाहिली, आणि हात तसाच वर राहिला.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि साहेबांच्या कचेरीकडे न वळता नदीच्या रस्त्याला लागली. नानांनी जावयाचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.