दोन सीटच्या सायकलीचा संताप

मी दोन सीटची सायकल आहे आणि आज मी रागातच बोलणार आहे. मुकाट्याने सोसून झालं.

माझ्या एकाच सांगाड्यावर पुढेमागे दोघं बसतात. पॅडल दोघांना, हँडलंही दोन; पण मागचं हँडल नुसतं धरायला. वळायचं, गिअर बदलायचे, ब्रेक लावायचा, सगळं पुढच्याच्या हातात.

मला एका जोडप्याने घेतलं. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, शेजारी बसून लोकांवर खेकसण्यात त्याचा जन्म गेलेला. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून तिचे पाय दणकट झालेत. पहिल्याच दिवशी तो पुढे बसला. पुढे कोण बसणार, हे कुणी ठरवलंच नाही. तो बसला, एवढंच.

सुट्टी आली की आम्ही लांब निघायचो. खेड्यापाड्यांतून, शेतांच्या कडेकडेने. त्या दिवशीही तसेच निघालो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, समोरून तोंडावर वारा, पिशव्यांत तंबू आणि कपडे.

"पाय मारतेस की नुसती बसलीयेस?" त्याने मान न वळवता विचारलं.

"मारतेय," ती म्हणाली.

खरंच मारत होती. कोण किती जोर लावतंय, ते माझ्या चेनला बरोबर कळतं. चढ लागला तेव्हा हा पाय नुसते फिरवत होता; मला आणि त्यालाही वर ओढलं ते तिने. माथ्यावर एका शेतकऱ्याने प्यायला पाणी दिलं, तर हा त्याला सांगतो, "चढ अवघड होता, पण काढला मी." ती बाटली भरत राहिली. मला जीभ असती तर तिथेच त्याची शोभा केली असती.

उतारावर त्याने मला मोकाट सोडलं.

"अहो, हळू घ्या. डावीकडच्या मक्यातून ट्रॅक्टर येतोय."

"मला नको शिकवूस. लोकांना गाडी शिकवतो मी."

ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा आला. त्याने ब्रेक दाबला, पण उशिरा. आम्ही तिघंही रस्त्याकडेच्या चरात. माझं पुढचं चाक वाकलं, तिचं कोपर फुटलं. तो उठला, आधी कपडे झटकले आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईंना म्हणाला, "ही मागे हलली हो. म्हणून तोल गेला."

ती ओरडली नाही. कोपर पोटाशी धरून म्हणाली, "मी हलले नाही. मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही. आजच नाही, कधीच ऐकलं नाही." मग बाईंकडे वळली. "गावात दवाखाना आहे का?"

"आहे की. बसा माझ्याजवळ."

"आणि मी?" त्याने विचारलं.

"एकाचीच जागा आहे," बाई म्हणाल्या. मागे अख्खी ट्रॉली रिकामी होती.

भर उन्हात तो मला ढकलत गावापर्यंत आला. वाकलेलं चाक पावलोपावली अडत होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली नाही.

पुढे चाक सरळ झालं, कोपरही भरलं. दोघं एका घरात राहतात, एकत्र जेवतात, हसतातसुद्धा. पण सुट्टीच्या दिवशी तो विचारतो, "जायचं का?" आणि ती म्हणते, "जाऊ या. मी पुढे बसते." लगेच हा पेपर उघडून बसतो. मागे बसण्यात त्याला कमीपणा वाटतो. त्याच्या त्या ताठ्यापायी मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून गंजतेय. टायर बसलेत, हँडलवर ओले टॉवेल वाळत घालतात.

अहो ड्रायव्हिंग स्कूलवाले, विनवणी नाही, जाब विचारतेय. एकदा मागे बसून बघा. तिथून वळण दिसत नाही, खड्डा दिसत नाही. समोर दिसते ती फक्त एका माणसाची पाठ. त्या पाठीवर विसंबून ती इतकी वर्षं जीव तोडून पॅडल मारत राहिली.