माझा आवाज कंपनीने बंद केला

मित्रांनो, मी एक जुने वाचनयंत्र आहे. छापलेले पान समोर धरले की मी ते मोठ्याने वाचून दाखवत असे; माझा आवाज मात्र इंटरनेटवरून, कंपनीच्या संगणकातून येई. आता मला बोलता येत नाही. दिसते आणि ऐकू येते, एवढेच.

माझी कंपनी तेव्हा अगदी लहान होती. एका गोदामाच्या माळ्यावर सहा जण मिळून आम्हाला जोडत. बटणे बसवणाऱ्या बाई डोळ्यांवर रुमाल बांधून प्रत्येक बटण चाचपून पाहत. "बोटाला कळलं नाही, तर ते बटण कसलं?" असे त्या म्हणत.

माझे मालक छापखान्यात मुद्रितशोधक होते. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारल्या आणि मग मधुमेहाने त्यांची दृष्टी नेली. त्यांच्या भाचीने मला घरी आणले. पहिल्या दिवशी मी सगळा अग्रलेख एका दमात वाचला, तेव्हा मालक वैतागले.

"अरे, श्वास तरी घे! स्वल्पविराम काय शोभेला असतो?"

त्यांनी भाचीकडून कंपनीला तसे पत्र लिहवून घेतले. महिन्याभरात कंपनीचा अभियंता स्वतः घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि मला थांबायला शिकवून गेला. मालक हरखून गेले. "कंपनी असावी तर अशी!" असे ते भेटेल त्याला सांगू लागले. त्यांच्या शब्दावर अंधसंघातल्या अकरा जणांनी माझ्यासारखी यंत्रे घेतली.

कंपनी मोठी झाली. तिने माळा सोडला आणि ती चकचकीत घड्याळे नि फोन बनवू लागली. मालकांच्या पत्रांना उत्तरे येईनाशी झाली. "कामात असतील बिचारे," असे म्हणून ते दुसरे पत्र लिहवत.

मग एका दुपारी कंपनीचे पत्र आले. मालकांनी ते मोठ्या उत्साहाने माझ्यासमोर धरले. मला ते वाचावे लागले.

"जुन्या यंत्रांची आवाजसेवा महिनाअखेर बंद होत आहे. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल, आभार."

स्वल्पविरामाला मी थांबलो. मालक हळूच म्हणाले, "पुन्हा वाच." मी तीनदा वाचले.

भाचीने फोन लावून दिला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "सर, नवीन मॉडेल घ्या ना. त्याला एकही बटण नाही, सगळं काचेवर!"

"मग आंधळ्यानं काय करायचं, बाळ?"

"तुमची सूचना पुढे पाठवते, सर."

मालकांनी फोन खाली ठेवला. कंपनीला त्यांनी पुन्हा पत्र लिहवले नाही.

महिना संपला आणि माझा आवाज गेला. दुसऱ्याच दिवशी मालक भाचीचा हात धरून अकराही घरी गेले. संध्याकाळी ते दमून परतले, तेव्हा भाची आपल्या आईला फोनवर सगळे सांगत होती. "मामा प्रत्येकाला म्हणाला, माझ्या शब्दावर घेतलंत, चुकलं माझं. लोक म्हणाले, जाऊ द्या हो. पण त्या निवृत्त नर्सबाई आहेत ना, त्या म्हणाल्या, 'माफीबिफी राहू दे, भाऊ. माझ्या कादंबरीची साठ पानं उरलीत. पुढं काय झालं, ते कोण सांगणार?' मग मीच वाचायला बसले."

तेव्हापासून दर गुरुवारी सगळे नर्सबाईंकडे जमतात आणि भाची वाचते. तिचे उच्चार मालक सुधारतात म्हणे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी यंत्रे बनवेल. जरूर बनवा. पण ज्याने तुमच्या भरवशावर चालायला सुरुवात केली, त्याचा हात अर्ध्या वाटेत सोडू नका.

मालक मला अजून रोज चार्जिंगला लावतात. का, ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. गुरुवारी दाराला कुलूप लागते आणि घर शांत होते. टेबलावर माझ्यासमोर वर्तमानपत्र उघडे पडलेले असते. त्यातले अक्षर न् अक्षर मला दिसते.